टाकी आणि भट्टी यांच्यामधली नळी : पुण्यातल्या एका खानावळीचं प्रकरण

हे प्रकरण २०२३ च्या जूनमधलं आहे. खानावळ आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. गॅस, नळी आणि चुका यांचे तपशील मात्र बदललेले नाहीत. गॅसचा वास कुठून येतो ते शोधायला मला बोलावलं होतं. त्यांतल्या काही चुका माझ्या आहेत, त्याही लिहितो.

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका पेठेत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर ही खानावळ आहे. २००९ मध्ये काकूंनी घरच्या शेगडीवर पंधरा मुलांचे डबे सुरू केले. स्पर्धा परीक्षांची मुलं वाढत गेली तसा शेजारचा गाळा घेतला आणि २०११ मध्ये भट्ट्या बसवल्या. मी गेलो तेव्हा दोन्ही वेळची मिळून साडेतीनशे ताटं लागत होती, शिवाय दीडशे डबे बाहेर जात होते. स्वयंपाकघर पंधरा फूट बाय बारा. दोन मोठ्या भट्ट्या, एक भाताची, एक पोळ्यांचा तवा. मागच्या बाजूला बोळात उघडणारी एकच खिडकी.

गॅसच्या टाक्या जिन्याखाली होत्या. १९ किलोच्या आठ, चार चालू आणि चार बदलीला. ती जागा स्वयंपाकघराच्या फरशीपेक्षा पाऊण फूट खोल, आणि तिथूनच मोरीचं पाणी बाहेर जाणारा पाइप गेलेला. शेजारी फ्रीज. टाक्यांपासून रेग्युलेटर, आणि रेग्युलेटरपासून लोखंडी नळी फरशीखालून, भांडी घासायच्या जागेच्या पोटातून भट्ट्यांपर्यंत. ती नळी २०११ मध्ये वाड्यातल्याच नळाच्या प्लंबरने टाकलेली. सांध्यांना पाण्याच्या नळाला लावतात तसा दोरा आणि सफेदा.

कागदपत्रं मात्र व्यवस्थित होती. भिंतीवर जानेवारीचा फॉर्म बी फ्रेम करून लावलेला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, आगीच्या उपकरणांची देखभाल झाल्याचं हे प्रमाणपत्र घ्यायचं असतं. त्याशिवाय गॅस एजन्सीच्या मेकॅनिकची पावती होती आणि भट्टी दुरुस्तीवाल्याचं बिलही होतं. काकूंनी सगळं जपून ठेवलं होतं. त्यांच्या दृष्टीने गॅसची तपासणी वर्षातून चार-पाच वेळा होत होती.

मी ते कागद टेबलावर ओळीने मांडले, तेव्हा त्यातली फट दिसली. गॅस एजन्सीचा माणूस टाकी, वॉशर आणि रेग्युलेटर बघून जातो. भट्टीवाला कॉक आणि बर्नरपासून पुढचं बघतो. फॉर्म बीवाल्यांनी आग विझवायची नळकांडी मोजली होती, त्यांच्यावरची तारीख तपासली होती. यातल्या कोणाचंही काम खोटं नव्हतं. पण रेग्युलेटर आणि कॉक यांच्यामधल्या बावीस फूट नळीला बारा वर्षांत एकाही माणसाने हात लावला नव्हता. ती कोणाच्याच यादीत नव्हती.

अडचण

पहिला पाऊस पडला आणि बोळातून झड आत येऊ लागली म्हणून मागची खिडकी रात्री बंद होऊ लागली. तेव्हापासून पहाटे साडेपाचला शटर उघडलं की वास यायचा. तिथे स्वयंपाक करणारे मामा लातूरकडचे, वीस वर्षं भट्टीवर काढलेली. त्यांना वास येत नव्हता. ते खोटं बोलत होते असं नाही. सतत त्या वासात राहिलं की नाक तो ओळखेनासं होतं. बाहेरून येणाऱ्या दूधवाल्याला तो आधी आला.

एजन्सीच्या माणसाने येऊन दोन वॉशर बदलले. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. चार दिवस बरे का गेले, तर त्या दिवसांत पावसाने उघडीप दिली होती आणि खिडकी उघडी होती. हे नंतर कळलं.

पहाटे वास आला की काय करता, असं मी विचारलं. ताटं वाढणारा एकोणीस वर्षांचा मुलगा चटकन म्हणाला, "आधी एक्झॉस्ट लावतो. दोन मिनिटांत वास जातो."

मला त्या क्षणी घाम फुटला. सगळ्यात काळजीपूर्वक केलेली गोष्ट सगळ्यात घातक होती. पंख्याचं बटण दाबलं की बारीक ठिणगी पडते, आणि गॅस साठलेल्या खोलीला तेवढी पुरते. वास आला तर कोणतंही बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. दारं-खिडक्या हाताने उघडायच्या, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, बाहेर यायचं. बाहेर आल्यावर १९०६ ला फोन लावायचा. हा गॅसगळतीचा चोवीस तास चालणारा नंबर आहे, आणि त्या खानावळीतल्या अकरा माणसांपैकी तो एकालाही माहीत नव्हता.

भिंतीवर गॅस गळतीचा डिटेक्टरही होता, हिरवा दिवा लागलेला. तो वाजला का नाही? इलेक्ट्रिशियनने तो छताजवळ बसवला होता, पाणी उडायला नको म्हणून. घरोघरी नळाने येणारा गॅस हवेपेक्षा हलका असतो, वर जातो, त्याच्यासाठी डिटेक्टर वरच हवा. टाकीतला एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड. तो पाण्यासारखा खाली पसरतो आणि खोलगट जागा शोधतो. छताजवळच्या डिटेक्टरपर्यंत तो पोचेपर्यंत खाली माणूस उरला नसता.

पहिली भेट

मी सकाळी अकराला गेलो, भट्ट्या चालू असताना. ही पहिली चूक. साबणाचं पाणी घेऊन दिसणारे सगळे सांधे बघितले. एका टाकीपासून मुख्य नळीकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या टोकाशी फुगे आले. वॉशर चिरलेलं. बदललं, पुन्हा साबण लावला, फुगे थांबले. मामांनी सुटकेचा श्वास सोडला, काकूंनी ताट वाढलं, मी जेवून निघालो.

गळती सापडली होती, पण ती पहाटेच्या वासाची गळती आहे हे मी तपासलंच नव्हतं. सापडलेल्या पहिल्या कारणावर मी थांबलो. शंका यायला जागा होती: ते टोक जिन्याबाहेरच्या बाजूला होतं, तिथला वास रस्त्यावर गेला असता, बंद स्वयंपाकघरात साठला नसता. नळीत दाब भरून तासभर काटा बघणं ही खरी चाचणी. त्यासाठी भट्ट्या बंद ठेवाव्या लागतात, आणि डब्यांच्या वेळेला ते मागायला मी कचरलो.

तीन दिवसांनी सकाळी काकूंचा फोन. "दादा, वास परत आला."

निर्णयाची घडी

मी पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. आमटी उकळत होती, भात अर्धा शिजलेला, बाराला डबे निघायचे. रविवारी परीक्षा, मुलांची अडचण व्हायला नको, म्हणून काकू म्हणाल्या, "आजचा दिवस जाऊ द्या. उद्यापासून बंद ठेवते."

मी सरकारी माणूस नाही. खानावळ बंद करायचा अधिकार मला नव्हता. मी सांगू शकत होतो, हट्ट धरू शकत होतो, फार तर निघून जाऊ शकत होतो. नियम सांगून बघितले. १०० किलोपेक्षा जास्त गॅस एका वेळी ठेवायचा तर गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली परवाना लागतो, तो नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही स्फोटक पदार्थांच्या सुरक्षिततेची केंद्र सरकारची संस्था देते. तुमच्याकडे आठ टाक्या म्हणजे १५२ किलो. काकूंनी मान डोलावली, पण आमटीवरची नजर हलली नाही. २०१५ च्या १६ ऑक्टोबरला कुर्ल्याच्या एका उपाहारगृहातल्या आगीत आठ जण गेले, त्यातली बहुतेक जेवायला आलेली कॉलेजची मुलं होती, हेही सांगितलं. त्या हळहळल्या. पण दुसरीकडची आग ती दुसरीकडचीच वाटते.

मग मी विचारलं, रात्री इथे कोण झोपतं?

मामा आणि दोघं पोटमाळ्यावर. आणि तो एकोणीस वर्षांचा मुलगा? तो जेवणाच्या खोलीत, फरशीवर. खाली गार लागतं म्हणून. झोपताना डासांची अगरबत्ती लावतो, काडीपेटी उशाशी.

मी जमिनीवर हात ठेवला आणि म्हणालो, काकू, गॅस इथे असतो. याच उंचीवर.

त्यांनी भट्टीकडे नाही, मुलाकडे बघितलं. "त्याच्या आईला शब्द देऊन आणलाय गावाहून," एवढंच बोलल्या, आणि स्वतः जिन्याखाली वाकून चारही टाक्या बंद केल्या. अर्धा शिजलेला भात समोरच्या मंगल कार्यालयाच्या चुलीवर गेला. त्या दिवशी डबे दीड वाजता निघाले. एकाही मुलाने तक्रार केली नाही, हे काकू अजून सांगतात.

रात्री काय होत होतं

नळीतला उरलेला गॅस भट्टीवर जाळून संपवला आणि नायट्रोजन भरला. रोजच्या दीडपट दाब देऊन काट्यावर नजर ठेवली. वीस मिनिटांत काटा उघड उघड खाली आला. मग एकेक तुकडा वेगळा करून बघत गेलो. रेग्युलेटरपर्यंत ठीक, ओट्यावरचा भाग ठीक, फरशीखालचा तुकडा दाब धरेना.

भांडी घासायच्या जागेची दोन फरश्या काढल्या. खालची भर ओली होती. बारा वर्षं साबणाचं, सोड्याचं, आंबटाचं पाणी झिरपून तिथला कोपर, म्हणजे नळी जिथे वळते तो जोड, गंजून पोपडे धरलेला, सांध्यातला सफेदा वाळून भुकटी झालेला. बोटाने दाबलं तर पोपडा गळून पडला.

गळती तिथे होती, पण गॅस तिथून वर येत नव्हता. भरीतून उताराने जाऊन तो मोरीच्या कडेने आणि जिन्याखालच्या खोलगट जागेत निघत होता, फ्रीजच्या कॉम्प्रेसरपाशी. म्हणून दिसणाऱ्या सांध्यांना कितीही साबण लावला तरी काही कळणार नव्हतं. दिवसा एक्झॉस्ट आणि उघडं दार गॅस ओढून नेत होते. रात्री भट्टीचे कॉक बंद व्हायचे, टाक्या चालूच राहायच्या, नळी दाबाखाली भरलेली. शटर बंद, खिडकी बंद. साडेसहा तास.

काकूंना मी हिशोब करून दाखवला, कारण "थोडासा वास" या शब्दांनी फसगत होते. एलपीजी हवेत साधारण दोन टक्के झाला की पेट घेऊ शकतो. त्या स्वयंपाकघरात पंचेचाळीस-सेहेचाळीस घनमीटर हवा आहे. तिचे दोन टक्के म्हणजे जेमतेम दोन किलो गॅस, एका टाकीचा साधारण दहावा हिस्सा. आणि गॅस साऱ्या खोलीत सारखा पसरत नाही, खाली थर धरतो; म्हणजे घोट्याच्या उंचीला घातक प्रमाण व्हायला त्याहून पुष्कळ कमी पुरतो. गॅसला मुद्दाम घातलेला वास साधारण त्या घातक प्रमाणाच्या पाचव्या हिश्श्याला यावा असा हिशोब असतो. दूधवाल्याला दारातच वास येत होता, तेव्हा आत जमिनीलगत काय होतं याचा अंदाज करवत नाही.

त्याच दिवशी मोरीच्या फळीमागे, पोत्याखाली, १४.२ किलोची घरगुती टाकी सापडली. पहिल्या भेटीत ती माझ्यापासून लपवली होती. व्यवसायाला घरगुती टाकी वापरता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण लपवायची म्हणून ती सगळ्यात वाईट जागी ठेवली जाते. हिच्या पट्टीवर बी-२२ होतं, म्हणजे २०२२ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत पुन्हा चाचणी व्हायला हवी होती. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर पुढच्या वेळी ती आणखी खोल लपली असती.

पर्याय

पहिला पर्याय प्लंबरने सुचवला: कोपर बदलायचा, वर एम-सील, फरशी परत. संध्याकाळच्या जेवणापर्यंत काम झालं असतं. मला तो मुळीच मान्य नव्हता. एक कोपर सडला तर त्याच ओलीत पडलेले बाकीचे सांधे किती दिवसांचे?

दुसरा, नळाच्या गॅसवर जायचं. टाक्याच नकोत, साठाच नको. गल्लीत लाइन आलेलीही होती. पण वाड्याचे पाच हिस्सेदार, त्यांपैकी दोघं परदेशात, सगळ्यांची ना-हरकत मिळायला काही महिने लागले असते. तोपर्यंत काय, हा प्रश्न उरत होताच. अर्ज मात्र त्याच आठवड्यात करून ठेवला.

तिसरा, फरशीखालची नळी कायमची सोडून द्यायची, डोळ्यांना दिसेल अशी नवी नळी भिंतीवरून घ्यायची आणि टाक्या जिन्याखालून बोळात हलवायच्या. तीन-चार दिवस खानावळ बंद. बोळातल्या जागेला शेजाऱ्याची संमती हवी. खर्च सगळ्यात जास्त.

यात काकूंना सर्वात जड गेली ती टाक्यांची संख्या. पाच टाक्या ठेवल्या तर ९५ किलो होतात, परवान्याच्या मर्यादेच्या आत. पण मग एजन्सीच्या गाडीवर रोज अवलंबून राहायचं, सणासुदीला गाडी चुकली की भट्टी थंड. परवाना घेऊन आठ ठेवायच्या, तर बोळात तेवढी मोकळी जागा सोडता येत नव्हती. पाचवर यावं लागलं. त्यासाठी भाताची भट्टी विजेच्या मोठ्या कुकरवर नेली. मामांना ते अजून पटलेलं नाही. भाताला ती चव नाही म्हणतात, आणि चवीच्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

केलेलं काम

चार दिवस लागले. आयएस ६०४४ हे या कामाचं भारतीय मानक. त्याप्रमाणे टाक्या जमिनीच्या पातळीखाली नकोत, गटाराच्या तोंडाजवळ नकोत, हवा खेळती हवी. बोळातल्या मोरीचं झाकण त्यासाठी बंद करून तोंड पुढे न्यावं लागलं. टाक्या उभ्या, साखळीने बांधलेल्या, वर पत्रा, तिन्ही बाजूंनी जाळी. नवी नळी भिंतीवरून, पिवळा रंग, भिंतीतून जाते तिथे बाहेरून मोठ्या नळीचं अस्तर. स्वयंपाकघरात शिरताना एक मुख्य व्हॉल्व्ह, प्रत्येक भट्टीला वेगळा. रबरी पाइप फक्त शेवटच्या हातभर अंतराला, आयएस ९५७३ ची छाप असलेला. डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर आला.

रात्री बंद करायची पद्धत उलटी केली. आधी मुख्य व्हॉल्व्ह, मग भट्टीवरची ज्योत आपोआप विझू द्यायची, मग कॉक. म्हणजे रात्रभर स्वयंपाकघरातली नळी रिकामी. याला तीन मिनिटं लागतात.

सहा महिन्यांनी

डिसेंबरमध्ये मी न सांगता गेलो. नळी दाब धरत होती, ज्योती निळ्या होत्या, मामांनी स्वतःहून साबणाची बाटली दाखवली. ऑक्टोबरमध्ये त्यांनीच एका पाइपच्या टोकाची बारीक गळती शोधली होती.

पण डिटेक्टर बंद होता. त्याची पिन काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावलेला. आणि रात्रीच्या नोंदवहीत पुढच्या दोन दिवसांच्याही सह्या होत्या, एकाच पेनाने, एकाच बैठकीत.

राग आला, मग वाटलं की दोन्ही गोष्टी माझ्याच आखणीतल्या आहेत. दमलेल्या माणसाकडून रात्री अकराला वही भरून घेणारी व्यवस्था चालत नाही. डिटेक्टरची तार थेट जोडून घेतली, काढायला पिनच ठेवली नाही. मुख्य व्हॉल्व्हला कुलूप लागेल अशी कडी केली. व्हॉल्व्ह बंद असेल तरच कुलूप लागतं, आणि ते लागलं तरच किल्ली निघते. किल्ली गल्ल्यात आली की काकू गल्ला बंद करून घरी जातात. वही बंद केली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीला मी पहाटे पाचला जायला हवं होतं, तक्रार ज्या वेळेची होती त्या वेळेला. तीन रात्री तो मुलगा त्या फरशीवर झोपला, मी गळती काढली असं समजून. हे मला पुसता येत नाही. आता वासाची तक्रार आली की दाबाची चाचणी झाल्याशिवाय मी भट्ट्या चालू करायला हो म्हणत नाही, जेवणाची वेळ असो वा नसो. कोण कुठे झोपतं हा प्रश्नही आता पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. त्या दिवशी तो सुचायला अर्धा तास लागला, आणि तोवर भट्ट्या पेटलेल्याच होत्या.

काकूंच्या बाजूने सांगायचं तर त्यांनी तीन वेगवेगळ्या माणसांना तपासणीला बोलावलं होतं, पैसे दिले होते. "तुम्ही कुठून कुठपर्यंत बघितलं?" हा एक प्रश्न तेवढा कोणाला विचारला नव्हता. आता जुलै-जानेवारीला फॉर्म बीच्या एजन्सीचा माणूस आला की त्या त्याला आधी बोळात नेतात आणि पिवळ्या नळीवर बोट ठेवून टाकीपासून तव्यापर्यंत चालायला लावतात. गेल्या वेळच्या माणसाने, हे आमच्या फॉर्ममध्ये नाही, असं सांगून बघितलं. तरीही चालला.

एक काम राहिलेलं आहे. मुलगा आता वर पोटमाळ्यावर झोपतो, फरशीवर कोणी नसतं. पण पोटमाळ्याची शिडी स्वयंपाकघरातच उतरते, दुसरी वाट नाही. बोळाच्या बाजूने एक दार काढावं असं मी दोनदा लेखी दिलं आहे. वाड्याच्या तीन हिस्सेदारांनी होकार दिला, दोघांचं उत्तर यायचं आहे. तोवर मामा आणि मुलगा पलीकडच्या गल्लीत खोली बघत आहेत. डिपॉझिट काकू देणार आहेत.